वासाचे नाव

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो वासांचाही सण आहे. आश्विन उतरू लागला की घराघरांतून भाजणीचा खमंग वास सुटतो. पाठोपाठ तळणीतल्या करंज्या, वेलदोड्याची पूड, चिवड्याची फोडणी. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे आणि सुवासिक तेल. आणि उजाडता उजाडता अंगणात फटाक्यांच्या दारूचा नाकात चुरचुरणारा वास. डोळे मिटून बसले तरी आज कोणता दिवस आहे, हे मराठी नाकाने बिनचूक सांगावे.

या नाकाला शोभेल अशी भाषाही आपल्याला लाभली आहे. आपल्याकडे वास नुसता येत नाही. तो सुटतो, दरवळतो, घमघमतो. आणि बिघडला म्हणजे 'मारतो'. खोबरे जुने झाले की खवट, पीठ आंबले की आंबूस, दूध खाली लागले की करपट, पावसाळ्यात न वाळलेले कपडे कुबट, बंद खोली कोंदट, नव्या माठातले पाणी मातकट. एवढे शब्द आपली गृहिणी शाळेत न जाताही शिकलेली असते, आणि वापरताना एकाच्या जागी दुसरा कधी घालत नाही.

पण ही शब्दांची तिजोरी एका ठिकाणी एकदम बंद होते. घरातल्या लहान मुलाच्या तोंडाला वास येऊ लागला, म्हणजे आई ते वडिलांच्या कानात सांगते, आजी पदर नाकाशी नेते, आणि सगळ्यांजवळ मिळून शब्द उरतो एकच : घाण.

गेल्या पावसाळ्यात या सदराच्या टपालात एका भगिनीचे पत्र आले. एरवी मला येणारी पत्रे ऱ्हस्व-दीर्घाची भांडणे घेऊन येतात. मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या नशिबी तेच असायचे. या पत्रातला प्रश्न मात्र निराळा होता. 'तोंडाला वास मारतो' याला जरा सभ्य शब्द सुचवाल का, असे त्यांनी विचारले होते. त्यांचा मुलगा साडेपाच वर्षांचा. शाळेत त्याच्या बाकावर कोणी बसेना. वर्गातल्या पोरांनी त्याचे नाव 'मोरी' ठेवले होते. डॉक्टरांकडे न्यावे, तर दवाखान्यात दहा माणसे बसलेली. त्यांच्यादेखत आणि मुलाच्या समोर हे बोलावे कसे, ही त्या माउलीची अडचण. तोवर मुलगा बोलताना तोंडावर हात धरायला शिकला होता.

सभ्य शब्द आहे. 'मुखदुर्गंधी' हा शब्द चांगला भारदस्त आहे आणि चारचौघांत खपतोही. पण मी त्यांना कळवले की या कामी सभ्य शब्दापेक्षा नेमका शब्द अधिक उपयोगी पडेल. त्या निमित्ताने दोन-तीन जाणत्या डॉक्टरांना मी बरेच छळले, पुस्तके चाळली, आणि जे पक्के कळले ते आज या अंकात मांडतो आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाचे डबे उघडे, पोरे दिवसभर चरताहेत आणि घर पाहुण्यांनी भरलेले, असा याहून योग्य मुहूर्त कोणता?

वासावरून माणसाचे नाव पडण्याची रीत जुनीच आहे. महाभारतातली सत्यवती धीवराच्या घरी वाढली. अंगाला मासळीचा वास, म्हणून ती मत्स्यगंधा. पुढे पराशरांच्या वराने तोच देह योजनभर दरवळू लागला आणि ती योजनगंधा झाली. मुलगी तीच, वास पालटला तसे नाव पालटले. आपल्या पोरांना पराशर भेटत नाहीत. त्यांचा वास जातो आणि नाव मात्र मागे राहते.

या लाजेचा व्यापारही झालेला आहे. अमेरिकेत 1879 साली लिस्टरिन नावाचे एक जंतुनाशक निघाले. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा पायंडा पाडणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याचे बारसे झाले. पुढे 1920 नंतरच्या दशकात त्याच्या जाहिरातदारांनी वैद्यकाच्या पोथीतला 'हॅलिटोसिस' हा शब्द बाहेर काढला आणि घरोघर नेला. तुमचे लग्न का जमत नाही, मित्र का टळतात, याचे उत्तर म्हणजे हॅलिटोसिस! लॅटिनमधला श्वास आणि ग्रीकमधला एक प्रत्यय यांचा हा संकर. लोकांना रोगाचे नाव मिळाले आणि बाटली मिळाली. कारण शोधायचे मात्र राहून गेले. मुलांच्या बाबतीत तर ही बाटली मुळातच कामाची नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला चूळ नीट थुंकता येत नाही, तो ती गिळतो. म्हणून त्याला गुळण्यांचे तयार औषध देऊच नये, असे डॉक्टर सांगतात.

आता कारणांकडे वळू.

पहिली गोष्ट ही की, सकाळी उठल्याबरोबर वास येतो तो सर्वांनाच येतो. राजपुत्राला आणि मोरीच्या कडेला निजलेल्या मांजरालाही. झोपेत लाळ कमी सुटते. लाळ ही तोंडाची मोलकरीण आहे. ती दिवसभर तोंड धूत असते. रात्री ती सुटीवर गेली की जिभेच्या मागच्या भागावर, दातांच्या फटींत राहणारे सूक्ष्म जंतू अन्नाचे आणि मेलेल्या पेशींचे कण कुजवू लागतात. त्यातून जे वायू निघतात, त्यांत गंधक असते. कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू त्यांतलाच. गंधकाच्या नावातच गंध आहे, ही आपल्या पूर्वजांची नजर म्हणायची की नाक, कोण जाणे! फटाक्याच्या दारूत जे गंधक, तेच निराळ्या रूपाने बाळाच्या जिभेवर. दात घासले, चूळ भरली, काही खाल्ले की हा वास जातो. गेला, तर विषय संपला. त्याचा बाऊ करू नये.

दात घासूनही वास दिवसभर राहतो, आठवड्यामागून आठवडा राहतो, तेव्हा शोध घ्यायचा. आणि शोध घ्यायचा तो तोंडापासून, कारण बहुतेक वेळा चोर तिथेच असतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्या सांगताना जीभ खरवडण्याचा विधी आला आहे. सोने, रुपे, तांबे, कथील, पितळ यांची, धार नसलेली आणि वाकवलेली पट्टी घ्यावी, असे तिथे सांगितले आहे. आणि कारण काय, तर जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळाने दुर्गंधी येते. जिभेचे मूळ! आजचे दंतवैद्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नेमके त्याच जागेवर बोट ठेवतात. मुलाला धातूची पट्टी लावायची गरज नाही. ओल्या मऊ ब्रशाने जिभेवरून मागून पुढे हलकेच दोन-तीनदा पुसून घेतले, की पुरे. फार मागे गेलात तर पोर ओकारी काढील आणि दुसऱ्या दिवशी ब्रश पाहून पळेल.

दातांचा हिशेब असा. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याला येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात पुरे होतात. पहिला दात आला त्या दिवसापासून तो घासायचा असतो. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशावर पेस्टची नागमोडी लाट दाखवतात, ती पेस्ट विकणाऱ्याच्या हिताची. सकाळी एकदा आणि रात्री निजताना एकदा. यांतली रात्रीची वेळ अधिक मोलाची, आणि आपल्याकडे नेमकी तीच चुकते. शिवाय सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने घासून द्यावे लागतात. 'आमचा बाळ स्वतः घासतो हो,' असे कौतुकाने सांगणाऱ्या आईने एकदा त्याच्या मागच्या दाढांकडे पाहावे. ज्या हाताला बुटाची नाडी बांधता येत नाही, त्या हाताला दाढ घासता येत नाही.

राखुंडीने दात घासण्याचे दिवस शहरांतून बहुतेक सरले. सरले ते बरेच झाले, कारण तिने दात झिजत. मिशेरी मात्र काही घरांत आजही आजीच्या डबीत असते. ती भाजलेल्या तंबाखूची पूड आहे. आजीच्या मांडीवर बसून नातवंडाने त्या डबीत बोट घालावे, यात कौतुक करण्यासारखे काही नाही. तसेच दाढ दुखते म्हणून लवंगेचे तेल लहान मुलाच्या तोंडात ओतणे. मोठ्यांना चालणारा तो थेंब लहानग्याच्या पोटात विष होऊ शकतो.

दुसरा गुन्हेगार म्हणजे रात्रीची दुधाची बाटली. बाटली तोंडात धरून मूल झोपी जाते, दूध दातांभोवती साचून राहते, आणि लाळ तर सुटीवर. दुधातल्या साखरेवर जंतूंची रात्रभर मेजवानी चालते. वरचे पुढचे दात आधी पांढुरके, मग तपकिरी, मग काळे पडतात. दूध द्यावे, ते जागेपणी द्यावे, नंतर दात पुसावेत आणि मग निजवावे. मध्यरात्री बाटली मागितलीच तर तिच्यात साधे पाणी. सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास बाटली सुटून पेला हातात यावा. चोखणीला मध किंवा साखर लावून देण्याची युक्ती तर घरातून हद्दपारच करावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध दातांसाठी नव्हे, तर जिवासाठीच वर्ज्य आहे.

'दुधाचेच दात, पडणारच आहेत,' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की त्याला म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्यांच्याखाली पक्के दात वाट पाहत असतात, त्यांची जागा या दाढांनी राखलेली असते. आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सर्वांत मागे एक नवी दाढ चुपचाप उगवते. ती दुधाची नसते, जन्मभराची असते. पाडव्याला नवे कपडे मिळावेत तशी ती मिळालेली असते, आणि घरात कोणाला पत्ता नसतो.

पत्रातल्या त्या मुलाचे कारण इथेच सापडले. खालच्या मागच्या दाढेत खड्डा होता, त्यात अन्न अडकून कुजत होते. दुखत नव्हते म्हणून कोणी पाहिले नव्हते. आईने दवाखान्यात शांतपणे सांगितले, 'महिना झाला, वास कुजका आहे, दुपारी वाढतो, जेवल्यावर डावीकडून चावत नाही.' डॉक्टरांनी लगेच दंतवैद्याकडे धाडले. दाढ साफ करून भरली, आणि आठवड्यात वास गेला. 'मोरी' हे नाव जायला मात्र दिवाळीची सुटी यावी लागली, असे त्यांनी परवाच्या पत्रात लिहिले आहे.

आता घरच्या वैद्यकाकडे. तोंडाला वास म्हटला की आपल्याकडचे पहिले निदान ठरलेले : पोट साफ नाही. मग एरंडेल, चूर्ण, काढा, उपास. त्यानेही भागले नाही तर जंत. याला मी चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतो. अन्ननलिका काही उघडा बोळ नव्हे. एरवी ती मिटलेली असते आणि पोटातला वास सारखा वर येत नाही. आंबट ढेकर, पोटातले वर घशाशी येणे, असा त्रास ज्या मुलाला खरोखरच आहे, त्याच्या तोंडाला आंबूस वास येऊ शकतो. तो डॉक्टरांना दाखवावा. पण उठसूट रेच देऊन धडधाकट मुलाला हगवण लावणे हा उपाय नव्हे. लसूण-कांद्याचा वास तासन् तास राहतो, त्याचे कारण निराळे आहे. तो रक्तातून फुप्फुसात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. त्याला वेळ हेच औषध. जंतांचे औषध शाळा-अंगणवाड्यांतून ठरावीक दिवशी देतात, ते अवश्य द्यावे. ते पोषणासाठी आहे. श्वासाच्या वासाशी त्याची सोयरीक लावू नये.

तोंड निर्दोष निघाले तर शेजारच्या घरात डोकवावे. म्हणजे नाकात आणि घशात.

आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्यांची तीन वर्षांची मुलगी आहे. गोड पोर, पण दोन आठवडे तिच्या जवळ जाववेना. पोटाचे सगळे उपचार झाले, पेस्ट बदलून झाली. एक दिवस तिची आजी जिन्यात माझ्या पत्नीला म्हणाली, "अगं, तोंडाचा नाहीच हा वास. नाकाचा आहे. आणि शेंबूडही एकाच बाजूने वाहतोय, उजव्या." आजींना वैद्यक येत नव्हते, नाक मात्र शाबूत होते. त्याच संध्याकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी उजव्या नाकपुडीतून खोडरबराचा एक तुकडा काढला. पोरीने तो केव्हा घातला, हे तिलाही ठाऊक नव्हते.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचे पाणी वाहत असेल, तर दुसरे सिद्ध होईपर्यंत आत काही अडकले आहे असे समजावे. मणी, हरभरा, चिंचोका, स्पंजाचा तुकडा, काहीही निघते. घरी पिन, चिमटा, काडी घालून काढू नये. वस्तू आणखी आत जाते. आणि इथे एक इशारा मुद्दाम दिवाळीसाठी. हल्ली तेलावाचून लुकलुकणाऱ्या पणत्या मिळतात. त्यांत, तसेच गाणाऱ्या खेळण्यांत, नाण्यासारखा चपटा छोटा सेल असतो. तो नाकात गेला किंवा गिळला, तर काही तासांतच आतली त्वचा जाळून भोक पाडू शकतो. तशी नुसती शंका आली, तरी पहाट होण्याची वाट न पाहता, नाकात थेंबसुद्धा न घालता, थेट मोठे रुग्णालय गाठावे. पणतीच्या तळाचे झाकण स्क्रूने बंद होते की नाही, हे विकत घेतानाच पाहावे.

काही मुले रात्री तोंड उघडे टाकून झोपतात, घोरतात, सकाळी ओठ सुकलेले असतात. नाकामागे, घशाच्या वरच्या अंगाला ॲडिनॉइड नावाची मांसल गाठ असते. ती वाढली किंवा ॲलर्जीने नाक चोंदलेले राहिले, की मूल तोंडाने श्वास घेते, तोंड कोरडे पडते आणि वास येतो. इथे कितीही दात घासा, उपयोग नाही. नाक मोकळे झाले पाहिजे. दहा दिवस उलटले तरी सर्दी आणि खोकला हटत नसेल, शेंबूड दाट होत असेल, तर तेही दाखवावे. टॉन्सिलच्या खाचांत अडकून घट्ट झालेले पांढरे खडेही वास मारतात. ते जरा मोठ्या मुलांत दिसतात. ताप, घसा धरलेला आणि वास, असे त्रिकूट जमले तर घसा तपासून घ्यावा.

आपल्या भाषेत 'तोंड येणे' असा एक मजेशीर वाक्प्रचार आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एकाएकी ताप चढतो, हिरड्या लाल होऊन सुजतात, जिभेवर-ओठांवर फोड येतात, लाळ गळते आणि तोंडाला उग्र वास सुटतो. हा बहुधा विषाणूंचा प्रताप असतो आणि दहा-चौदा दिवसांत निवतो. धोका फोडांचा नसतो, तहानेचा असतो. दुखते म्हणून मूल पाणी पीत नाही. गार दूध, ताक, पेज, जे घोटभर जाईल ते देत राहावे. आणि लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, तर डॉक्टरांकडे जावे.

इथवरचे सगळे वास वाईट होते. आता एक असा वास सांगतो, जो वाईट लागत नाही, आणि म्हणूनच निसटतो. तो गोडसर असतो. जास्त पिकलेल्या फळासारखा, किंवा नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा. मुलाने तापात किंवा ओकाऱ्यांत दिवसभर काही खाल्ले नसेल, तर शरीर चरबी जाळू लागते आणि असा थोडा वास येतो. खाऊ लागले की जातो. पण त्या वासाबरोबर मूल घटाघटा पाणी पीत असेल, सारखे लघवीला जात असेल, अंथरूण ओले करणे थांबल्यावर पुन्हा करू लागले असेल, खाऊनही वाळत असेल, तर तो मधुमेह असू शकतो. ओकाऱ्या, पोटदुखी, जोरजोराने खोल श्वास, गुंगी ही लक्षणे दिसली, तर उद्यावर टाकू नये. त्याच तासाला रुग्णालयात जावे. बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तातली साखर मिनिटभरात कळते. लहान मुलाला कुठला मधुमेह, असे म्हणण्यात जो एक दिवस जातो, तोच महागात पडतो. कित्येक नाकांना हा वास कळतच नाही, म्हणून वास नसला तरी तहान आणि लघवी यांवर लक्ष असावे.

कॅनडातल्या टोरांटो जनरल हॉस्पिटलात 1922 च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन नावाचा 14 वर्षांचा मुलगा हाडांचा सापळा होऊन पडला होता. तोवर या रोगाला जवळजवळ उपाशी ठेवण्यावाचून दुसरा उपचार नव्हता. 11 तारखेला त्याला जगातले पहिले इन्सुलिन टोचले, पण ते पुरेसे शुद्ध नव्हते. 23 तारखेपासून अधिक शुद्ध केलेले दिले आणि पोर सावरले. पुढे तो आणखी 13 वर्षे जगला. आज इन्सुलिन गावोगाव मिळते. औषध हाताशी असताना मूल दगावावे ते केवळ कोणी ओळखले नाही म्हणून, यासारखे दुःख नाही.

तेव्हा वास आला की काय करावे, याचा सारांश सांगतो. जरा मोठ्या मुलाला तोंड मिटून नाकाने श्वास सोडायला लावा, मग नाक धरून तोंडाने. तोंडाने सोडला तरच वास येत असेल तर दोष तोंडात, नाकानेच येत असेल तर नाकात, दोन्हींकडून सारखाच येत असेल तर आणखी आत. मग उजेडात 'आ' करायला लावून दाढा, हिरड्या, जीभ पाहा. हिरडीवर पुळी किंवा दाढेवर काळा ठिपका दिसला, तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्य गाठा. वर्षाच्या वाढदिवसापर्यंत मुलाची दंतवैद्याशी पहिली ओळख झालेली असावी, ती अशा वेळी उपयोगी पडते. आणि डॉक्टरांना सांगताना आपले घरचे शब्द बिनदिक्कत वापरा : कुजका, आंबूस, कुबट, गोडसर, सकाळी की दिवसभर, किती दिवस, तोंडाचा की नाकाचा, एका बाजूचा की दोन्ही. मुलाच्या देखत बोलणे जड जात असेल, तर चार ओळी कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. 'घाण येते हो' एवढ्यावर डॉक्टर तरी काय ओळखणार?

फराळाबद्दल एकच सांगणे. लाडू किती खाल्ला यापेक्षा तो किती वेळा खाल्ला, याला दाताच्या लेखी महत्त्व आहे. प्रत्येक गोड घासानंतर अर्धा तास तरी तोंडात आम्लाचे राज्य असते. दिवसभर येता-जाता एकेक शंकरपाळा तोंडात टाकणाऱ्या पोराच्या दातांना उसंतच मिळत नाही. फराळ बशीत द्यावा, बसून खाऊ द्यावा, वर पाणी पाजून चूळ भरायला लावावी, आणि डब्याचे झाकण लावावे. डबा उंच फळीवर ठेवणाऱ्या जुन्या आयांना आम्लाचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण फळी बरोबर उंचीवर होती.

राहिले मुलाशी बोलणे. या दिवसांत घरी मावश्या-आत्या येतील. कोणी मुका घेता घेता मान मागे घेईल आणि हसत म्हणेल, "शी, दात घासत नाहीस वाटतं?" सगळे हसतील. चार वर्षांच्या मुलालाही त्या हसण्याचा अर्थ कळतो. पुढच्या वेळी ते मुका द्यायला येत नाही, गाणे म्हणायला सांगितले तर दाराआड जाते, आणि मोठी माणसे म्हणतात, हल्ली लाजरे झाले आहे. त्या क्षणी आईबापांनी हसण्यात सामील होऊ नये. "त्याची दाढ दाखवायची आहे आम्हांला," एवढे साधे वाक्य पाहुण्यांना पुरते. आणि पाहुणे गेल्यावर, एकट्याला जवळ घेऊन म्हणावे, "चल, तुझी जीभ बघू; आज तिलाही आंघोळ घालू." 'तुझे तोंड घाण आहे' असे म्हटले तर मूल तोंड झाकते, 'आ कर, बघू' म्हटले तर ते उघडते. आणि तोंड उघडल्यावाचून कारण सापडत नाही.

नाव द्यायचेच असेल तर ते वासाला द्यावे, आणि अगदी नेमके द्यावे. मुलाचे नाव बारशाला ठेवलेले आहे, तेच पुरे.